ड्रॅगनच्या नाण्यांची डबी

अप्पा, परवा तोरणमाळच्या बाजूची एक म्हातारी आपल्या सोनारी दुकानात आली. पदराची गाठ सोडून तिनं ड्रॅगनची नाणी माझ्यापुढे ठेवली आणि नातसुनेच्या गळ्यात घालायला यांची हांसळी कर म्हणाली. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी ती नाणी पाहिली.

चांदीची ही चिनी नाणी जमवायचं तुमचं वेड आमच्या घरात सवतीसारखं नांदलं. पहिलं नाणं खरं होतं. गल्ल्यावर टाकून त्याचा नाद तुम्ही येईल त्याला ऐकवायचात. मग डोंगरातली माणसं गुजरातेत ऊसतोडीला जायची, ती येताना तशीच नाणी आणू लागली. लग्नाला चांदी हवी म्हणून तिथल्या बाजारात मजुरीतून घेतलेली. तुम्ही ती डबीत टाकायचात आणि बदल्यात तेवढीच चांदी तोलून द्यायचात. ड्रॅगनला साप म्हणणारी आई चुलीपुढून ओरडते आहे, अजून ऐकू येतं, “मन्हा तोडा बी दी टाकात तुमनी! आते त्या सापेस्ले पूजा!”

शिक्षण संपवून मी दुकानात बसायला लागले, तेव्हा एकदा डबीतल्या नाण्याच्या कडेला कानस मारली आणि तेजाबाचा थेंब सोडला. हिरवागार फेस आला, म्हणजे आत तांबं. दुसऱ्यालाही तसाच. तुम्ही डबी हिसकावून घेतलीत. इतके कधी रागावला नव्हतात. “सहा महिना ऊस तोडा त्यानी. त्याले कसं सांगू, हाई खोटं शे?”

मी कानस खाली ठेवली, पण अप्पा, तुम्ही चुकलात. शहाद्यातला सोनार ही नाणी घेतो हे डोंगरभर झालं आणि लोक बिनघोर तीच घेऊ लागले. फसवणाऱ्याचं दुकान तुम्ही आईच्या तोड्यांवर चालवलंत. मला त्याचा राग येतो. आजही येतो.

म्हणून म्हातारीला मी खरं सांगितलं. तिच्यासमोर थेंब सोडला, हिरवं झालेलं दाखवलं. ती माझ्या हातातल्या बाटलीकडेच संशयानं बघत राहिली. मग नाणी गोळा करत म्हणाली, “तुन्हा बाप खरा माणूस व्हता. त्यानी कधी नही म्हनं नही. तू लबाड शे.”

डबी माझ्या गुडघ्याशी, खणातच होती. तुम्ही घेतलेली, कडा घासलेली ती नाणी पुढे ओतली असती तर तिला पटलं असतं. पण मग तिच्या लेखी खोटे तुम्ही ठरला असता. ती गाठ मारून पायऱ्या उतरली आणि स्टँडकडे गेली. तिकडेही सोनारांची दुकानं आहेत. कुणीतरी तिला हो म्हणेल, चांदीचा मुलामा दिलेली हांसळी गळ्यात बांधेल, आणि लग्नात ती काळी पडेल.

हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. ती नजरेआड होईपर्यंत मी खणावर हात ठेवून बसले होते, अप्पा. डबी उघडली नाही.