गार असताना चालणारी गाडी

चि. गॅरेजवालीबाई हिला काकाचे भरघोस आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे जागच्या जागी आहोत. तुझ्या आईचे गुडघे तिचं ऐकत नाहीत, मी तुझ्या काकूचं ऐकतो आणि तुझा बाप कोणाचंच ऐकत नाही, म्हणजे सर्व ठीक आहे. (तुझी तब्येत विचारायला आईने सांगितलंय. बापाने काहीही विचारायला सांगितलेलं नाही. फक्त मी लिहायला बसल्यापासून त्याला सारखी तहान लागते आणि पाण्याचं भांडं नेमकं माझ्या टेबलामागे आहे.)

पत्रास कारण आपली जुनी गाडी. सकाळी गार असताना ती जराशी खोकते आणि सुरू होते. भाजी घेऊन परत यावं, तर तापलेली गाडी काही केल्या सुरू होत नाही. झालीच तर धापा टाकते, काळा धूर सोडते आणि पेट्रोलचा असा वास मारते की शेजारी खिडक्या लावून घेतात. तुझ्या बापाची, म्हणजे आमच्या दादाची, उभी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे त्याच्या मते जगातला प्रत्येक बिघाड म्हणजे कुठेतरी अडकलेला कचरा. त्याने फिल्टर बदलला. मला पेट्रोलचा पंप सुरू करायला लावून स्वतः टाकीला कान लावून बसला. प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट. ते घासून चकचकीत केले, तर थोड्याच दिवसांत पुन्हा तसेच. मी भीतभीत म्हटलं, पेट्रोल कमी नाही, जास्तच जात असेल. त्यावर तो म्हणाला की जास्त येतंय अशी तक्रार त्याच्या सबंध नोकरीत एकाही माणसाने केली नव्हती.

मग तू आईला फोनवर सांगितलंस (ते आम्ही त्याला ‘कुठेतरी वाचलं’ म्हणून सांगितलं) की तापमानाचा सेन्सर गेला असेल; इंजिन तापलं तरी गाडीच्या कॉम्प्युटरला ते गारच वाटतं, म्हणून तो पेट्रोल ओततच राहतो. दादाने त्याच दिवशी नवा सेन्सर बसवला. पण तिथे शेजारी शेजारी दोन असतात, एक कॉम्प्युटरला सांगणारा आणि एक समोरच्या काट्याला. तुझ्या पिताश्रींनी काट्याचा बदलला. आता आम्ही गाडी ढकलत असताना काटा अगदी प्रामाणिकपणे दाखवतो की इंजिन गरम आहे. शेजारी दुसराही आहे, असं मी सुचवलं, तर दिवसभर माझ्याशी अबोला.

थट्टा पुरे. तू गॅरेज काढते म्हणालीस तेव्हा तो जे बोलला ते बोलायला नको होतं. तूही त्या दिवशी दार आपटून गेलीस ती गेलीसच. दोघे एकाच माळेचे मणी, माघार कोण घेणार? पण तू नसलेलं हे घर मला आवडत नाही, हे स्पष्ट लिहितो.

तुझा,
काका

ता. क. मेकॅनिक बोलावू म्हटलं तर दादा नको म्हणतो. परक्याचा हात गाडीला लागता कामा नये म्हणे.

आणखी एक ता. क. पाकीट आणायला खाली गेलो, तर दादा नुकताच फेरी मारून आलेला. त्याने तापलेली गाडी बंद केली, पुन्हा चावी फिरवली आणि ती पहिल्या फटक्यात सुरू झाली. पठ्ठ्याने दुसरा सेन्सर गुपचूप बदलला होता. मी शाबासकी द्यायला पुढे झालो, तोच त्याने इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि त्याच सेन्सरची वायर उपसून ठेवली. मला पाहिल्यावर ओशाळला. मग कापडाने हात पुसत म्हणाला, “तिला लिही, बापाला जमत नाहीये.”

हे वाक्य त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकलेलं नाही. तेव्हा ये. सुटलेली वायर तुला बघताक्षणी दिसेल, पण लगेच लावू नकोस. चांगले तीन-चार दिवस बिघाड शोध, आणि त्याला शेजारी उभं राहून पाने-पक्कड देऊ दे.