बुधवारचे ब्याण्णव

दारव्हा
१४ सप्टेंबर २०२४

चि. संघदीप,

ताईचा जयभीम. बाबांचा गुडघा आता बरा आहे. सोयाबीनला शेंगा धरल्या आहेत.

काल तू फोनवर "नशीबच खराब" म्हणालास, म्हणून लिहिते. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

ममताला, तुझ्या बायकोला, सातवा महिना होता. गेल्या आठवड्यात सोमवारी ताप आला, खोकला लागला. बुधवारी ती ओट्यावर भाजी निवडत होती, पण दोन शब्द बोलली की दम घ्यायला थांबायची. मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन ब्याण्णव. लगेच तुला पुण्याला फोन करून आकडा सांगितला. तू काय म्हणालास?

"व्हायरल हाय ताई, सगळ्याइले होऊन राह्यलं. चालते-बोलते ना? मंग दवाखाना कायले? तू आशा वर्कर हायेस, डॉक्टर नाही."

गुरुवारी दुपारी तिचे ओठ निळे पडले. कोणालाही न विचारता मी जीप केली. वाटेत ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "ताई, सकाळपासून बाळ हाललं नाही."

यवतमाळच्या डॉक्टरीणबाई कडाडल्या. "फ्लूनं फुप्फुसं सुजली की रक्तात ऑक्सिजन पोचत नाही. पोटातलं बाळ आईच्याच रक्तातून ऑक्सिजन घेतं. गरोदर बाईचा आकडा पंच्याण्णवच्या खाली गेला की एक तासही थांबायचं नसतं. कधी उतरला?"

मी म्हणाले, "आज."

खोटं बोलले, संघदीप. हे सगळं मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. गावातल्या बायांना मीच सांगत फिरते. आणि घरच्या सुनेसाठी एक दिवस गप्प बसले, भावाशी भांडण नको म्हणून. तुझा संताप येतो, पण स्वतःचा जास्त येतो.

मुलगी होती. तू विचारलंही नाहीस. केस दाट होते तिचे. बाबांनी तिला मांडीवर घेतलं, पण ती रडली नाही.

ममता पाच दिवस ऑक्सिजनवर होती. वाचली. नऊ दिवस झाले, तुला सुट्टी मिळाली नाही!

काल मी तिला बुधवारचा आकडा सांगितला. तिनं एवढंच विचारलं, "त्याइले माहीत होतं?"

मी म्हटलं, ते त्याच्याच तोंडून ऐक. आज सकाळी तिचे वडील नानाजी तिला बाभुळगावला घेऊन गेले.

माझं मी सांगितलं. तुझं तू जाऊन सांग, तिच्यासमोर बसून.

तुझी बहीण, पण यावेळी तुझ्या बाजूची नाही,
कांता