टाचेचे फोटो

५ जुलै

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायची सोय नाही, आई कान टवकारून बसते. म्हणून पत्र. तू सांगितलास तो डुप्लिकेट फोटो शोधणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर घातला. कॉम्प्युटर इतका भरलाय, की फ्रॉकचं डिझाइन उघडेपर्यंत फ्रॉक शिवून होतो.

त्याने सगळं चाळून पुढ्यात मांडलं. तुझ्या मोटारसायकलचा एकच फोटो तीन जागी, तो तूच ठेवलास, ते समजलं. पण मग आली आईची टाच. नर्सबाईंनी सांगितल्यापासून दर ड्रेसिंगला जखमेशेजारी माझी शिवणाची टेप धरून फोटो काढते ना, ते सगळेच्या सगळे एका गठ्ठ्यात! म्हणतंय, हे सारखेच आहेत, एक ठेवा, बाकीचे पुसा.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. यंत्राला फरक दिसत नाही म्हणजे जखमेत फरक पडलाच नाही, असंच ना रे? सर्जननी बजावलंय, या महिन्यात भरून येताना दिसली नाही तर पाऊल... पुढचं मी लिहीत नाही. शिवणाच्या मशीनवर बसते, उठते, टाच बघून येते, पुन्हा बसते. आई विचारते, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का. पुसू की नको, ते कळव.

लोभ मागाहून कर, उत्तर आधी पाठव.
तुझी,
ठकी


९ जुलै

चि. ठकीस,
अ. आ.

काहीएक पुसू नकोस! अगं शहाणे, त्यात हुबेहूब फोटो शोधायची खूण वेगळी आणि साधारण सारखे शोधायची वेगळी. तू दुसरीवर टिचकी मारलीस. त्याला टाच दिसते, टेप दिसते, चादर दिसते. जखम भरली का चिघळली, हे त्याला काय कळणार कपाळ! त्याच्या हिशेबी तू आणि मीसुद्धा डुप्लिकेटच, नाक एकच आहे ना.

तू रोज बघतेस, म्हणून तुला फरक कळत नाही. सगळे फोटो पेनड्राइव्हवर घालून कुरियरने पाठव. मी तारखेने लावून बघतो. दुकानात दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर उघडतो, घरचं एवढं काम जड नाही. आईला जप. बाकी तू मजेत असशीलच.

माया आहे तशीच ठेव.
तुझा,
दादा


१३ जुलै

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पेनड्राइव्ह सोबत आहे. शेवटचे फोटो हललेत, रागावू नकोस, मोबाइल जुना झालाय. इथे उकाडा आहे की मलाच उकडतं, देव जाणे. आई शाल घेऊन बसते आणि मी पंख्याखालून हलत नाही. छातीत नुसती धडधड. काल एका झग्याची बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली. सर्जनची तारीख जवळ आली. जे दिसेल ते स्पष्ट लिही, माझं मन राखायला जाऊ नकोस.

हो, मजेत आहे.
तुझी,
ठकी


१८ जुलै

चि. ठकीस,
अ. आ.

आधी आईचं. जखम भरतेय! पहिल्या फोटोत टेपवर चार सेंटिमीटर होती, आता दोनसुद्धा नाही, आणि कडा गुलाबी आहेत. माझाच विश्वास बसेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघायला बसलो.

आणि दुसऱ्या खेपेला माझं लक्ष टेप धरलेल्या हाताकडे गेलं. पहिल्या फोटोंत आईने दिलेली अंगठी तुझ्या बोटात रुतलेली आहे. मग तिला दोरा गुंडाळलेला दिसतो. मग ती मधल्या बोटात. शेवटी अंगठीच नाही, आणि मनगटाचं हाड वर आलंय. फोटो हलतायत ते मोबाइल जुना म्हणून नव्हे, ठके. तो मोबाइल मीच तुला यंदा घेऊन दिलाय.

आईचा पाय तू नेमाने डॉक्टरांना दाखवतेस. तुझा हात कुणाला दाखवलास? मी तरी कुठे विचारलं म्हणा. फोन करतो, आईची चौकशी करतो, ठेवून देतो. फार लाज वाटली. रजेचा अर्ज दिलाय, पंधरवड्यात येतो. त्याआधी, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. ही विनंती नाही.

पेनड्राइव्ह परत पाठवतोय, फोटो ओळीने लावलेत.
तुझा,
दादा


२६ जुलै

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरकडे जाऊन आले रे, आले. थायरॉइड वाढलंय म्हणे. ही धडधड, हा उकाडा, हाताची थरथर, सगळी त्याचीच करणी. मला वाटत होतं, काळजीने होतंय. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून. मला काही सांगता येईना, म्हणून तुझी फोटोंची ओळ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी टाचेकडे बघितलंसुद्धा नाही. गोळ्या सुरू झाल्यात, वेळ लागेल पण बरं होईल म्हणाले.

सर्जन म्हणाले, पाऊल सुखरूप आहे. ते ऐकून मी त्यांच्यासमोरच रडले. अंगठी मशीनच्या खणात आहे, शिवताना निसटायची. तुझी मोटारसायकल तेवढी दोन जागची पुसली.

घरी आल्यावर आईला सगळं सांगावंच लागलं. संध्याकाळी ड्रेसिंग झालं तशी तिने मोबाइल मागून घेतला आणि मला म्हणाली, हात पुढे कर. टेप माझ्या मनगटाशेजारी तिने स्वतः धरली, आणि अंगठा अर्धा कॅमेऱ्यापुढे येऊन का होईना, फोटो काढला. पेनड्राइव्ह पुन्हा सोबत पाठवतेय, त्यावर आता तेवढा एकच आहे. पुढच्या आठवड्यात अगदी तसाच दुसरा येईल, तो पुसू नकोस.

लवकर ये. वाट बघतोय दोघी.
तुझी,
ठकी