गिनीपिगचं गवत

आये, माझ्या घरात आता दोन गिनीपिग हायेत. तू कधी बघितले नायस म्हणून सांगते, सशासारखे असतात, पण कान बारके आणि शेपूट नाय. लेकीनं हट्ट करून आणले. बोईसरच्या भाड्याच्या खोलीत माणसांना पाय पसरायला जागा नाय, त्यात यांचा पिंजरा. मी पहिल्या दिवसापासून ओरडतेय आणि पहिल्या दिवसापासून त्यांना भातही घालतेय. घरात कुणी आलं की आधी भात वाढायचा, हे तुझंच वळण. भात, चपाती, दुधात भिजवलेलं बिस्कीट. खायचे मेले, म्हणून मला वाटलं चांगलंच चाललंय.

गेल्या आठवड्यात त्यातला पांढरा खायचा थांबला. कोपऱ्यात अंग फुगवून बसला. लेक रडून लाल. पालघरला जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. त्यांनी औषध दिलं आणि मला झापलं, "ताई, भात, चपाती, दूध सगळं बंद. याचं पोट गवतावर चालतं. गवत पोटात गेलं नाही तर हा जगणार नाही." सोबत ढोबळी मिरचीचा तुकडा, थोडी कोथिंबीर, कांदा-बटाटा अजिबात नाय. घरी येऊन, गिनीपिगांसोबत दुकानातून आणलेलं आणि तसंच पडून राहिलेलं सुकं गवत पुढं टाकलं. पांढरा तोंड लावेना.

मग मी त्या गवताच्या पिशवीत नाक घातलं. दिवाळीनंतरची गवतकापणी आठवते तुला? तू गवत-व्यापाऱ्याच्या वखारीसाठी भारे बांधतेस, मी उन्हात कुरकुरतेय आणि तू माझी मान धरून भाऱ्यात खुपसतेस. "नाक घाल गे! कुबट येतंय? काढ बाजूला. मुकं जनावर हाय, पोट दुकलं तर सांगाया येनार नाय." तेव्हा तुझा असा राग यायचा! आमच्या मोरीजवळ ठेवलेल्या पिशवीला ओल लागून तोच वास सुटला होता. सगळं फेकलं. तशीच पाम गावाला भावाकडे गेले, "फवारणी नाय ना मारलीस?" विचारून बांधावरचं कोवळं गवत कापलं, घरी धुऊन, निथळून घातलं. आम्ही दोघी बघत बसलो. पांढऱ्यानं एक काडी ओढली. मग दुसरी. आये, तुझे उपकार गं.

लेक म्हणाली, "आई, गवत खराब झालंय हे तुला कसं कळलं?" मी बोलले, "डॉक्टरनं सांगितलं." तू गेलीस तिथं टपाल जात नाय, म्हणून हे पत्र कुठं टाकायचं नाय, तुला वाचता येत नव्हतं आणि माझं अक्षर मलाच लागत नाय. पण खरं ते सांगते. तुझं नाव घेतलं असतं तर पोरीसमोर रडले असते.