वाचून, समजून, स्वखुशीने

अकोला,
ता. २३ ऑक्टोबर १९६१, सोमवार, कोजागिरी

चि. कुंदा,

तुझ्या माणिकआत्याचे आशीर्वाद घे, आणि मागाहून थोडा रागही घे.

खुशालीचं आधी उरकते. तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण वर्गात शिरले की गप्प बसतो, मुलींना भीत असावा. सहामाहीचे पेपर समोर पडलेत. "वऱ्हाडात मुख्यतः काय होते?" या प्रश्नाला एका सातवीतल्या पोरीनं "कापूस आणि ऊन" असं उत्तर दिलंय. मी पूर्ण मार्क दिले. संध्याकाळी शाळेतल्या बायांनी दूध आटवायला बोलावलंय, त्याआधी हे पत्र पेटीत पडलं पाहिजे.

शाळेच्या पत्त्यावर मुद्दाम टाकते आहे. घरी आलेलं प्रत्येक पत्र आधी वकीलसाहेबांच्या टेबलावर जातं, हे मला ठाऊक आहे. तुझा बाप जगासाठी कमलाकांत वकील असेल, माझा तो धाकटा भाऊ आहे. त्याच्या चड्डीची नाडी मी बांधून दिली आहे.

आता राग. तुझं पत्र वाचता वाचता माझा चहा निवून गेला. एक तारखेपासून तू नोकरीत कायम झालीस, शहाण्णव रुपये पगार झाला, वाचून जीव सुखावला. मोठ्या बाईंनी फंडाचा कागद दिला. फंडात यायचं असेल तर दरमहा सहा रुपये कापणार, तेवढेच शाळा घालणार, आणि नोकरी संपताना सगळे व्याजासकट हाती येणार. शनिवारपर्यंत 'हो' किंवा 'नको' लिहून द्यायचं. आणि कमलाकांत म्हणतो, 'नको' लिही, पगार पूर्ण घरी येऊ दे, मुलीची नोकरी लग्नापर्यंतची, तिला कशाला हवा फंड! बरं, तो म्हणाला तर म्हणाला. पण एकवीस वर्षांची बी.ए. झालेली पोरगी मला विचारते, "आत्या, काय लिहू?" अगं, काय लिहू म्हणजे? काहून विचारतेस?

'हो' लिही. काळ्या शाईनं, ठसठशीत लिही.

तू लिहितेस की म्हातारपण अजून फार लांब आहे. बाप्पा! मलाही लांबच होतं. एकतीस साली नोकरीला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि साठीची बाई दिसली की मला वाटायचं, ही जन्मलीच अशी असेल. आता कागदोपत्री दोन वर्षं उरलीत. त्रेसष्ट साली शाळा मला नारळ देणार. आम्हा खाजगी शाळेतल्यांना पेन्शन नाही, सरकारी कचेरीतल्या चपराशाला असते तेवढीसुद्धा नाही. जे काय आहे ते फंडात, आणि थोडं पोस्टात.

माझ्या ओळखीची शकुन म्हणून एक बाई आहे, माळ्याची. आमच्या शाळेमागच्या रस्त्यावर भाजी घेऊन बसते. गावाबाहेर तिचा मळा आहे. परवा तिला सहज विचारलं, तुझं म्हातारपणी कसं गं? तर हसली. म्हणाली, "मले कोन पेन्शन देते बाई? म्या तिसाव्या वर्षीच निंबूचे झाडं लावले. पाच वर्षं नुसतं पानी देल्लं, सासू रोज बोलत जाये, फळ ना फूल, काहून मरून राह्यली म्हणे. आता पोरगा पाहो का न पाहो, निंबू तं लागतेच." तू शिकलेली आहेस. शकुनला कळलं ते तुला कळू नये?

मला निवृत्त होऊन काय पाहिजे, सांगू? हसू नकोस. एक खोली पाहिजे, जिचं दार मी आतून लावलं तर कुणी बाहेरून "काय करतेस गं?" असं विचारणार नाही. सकाळी वर्तमानपत्र, माझ्या आधी कुणी न चुरगाळलेलं. आणि दुपारी दुसरा कप चहा, भरपूर साखरेचा, कुणाला न विचारता. बस. एवढ्यासाठी मी तीस वर्षं फळा पुसला.

आता एक गोष्ट सांगते आणि लगेच पुढे जाते. मी फंड एकदा नाही, दोनदा सुरू केला. पहिली पंधरा वर्षं जमवलेलं सगळं शेहेचाळीस साली गेलं. कसं गेलं ते विचारू नकोस. चोरीला गेलं नाही, एवढंच सांगते. अडतिसाव्या वर्षी पुन्हा शून्यापासून धरलं. ती पंधरा वर्षं हातात असती तर ही नोकरी मी दोन वर्षांपूर्वीच ऐटीत सोडली असती. म्हणून म्हणते, वेळेवर लाव आणि लावलेलं राख.

तुझा बाप वाईट नाही. त्याला खरंच वाटतं की घरातल्या बायकांचं सगळं तो पाहील. असं मनापासून वाटणाऱ्या माणसांचीच मला भीती वाटते.

आणि कुठल्याही कागदावर सही करताना शेवटची ओळ आधी वाचत जा. तिथे "वाचून, समजून, स्वखुशीने" असं असतं. तिन्ही शब्द खरे असले तरच सही करायची, समोर कोणीही बसलेलं असो. देवासारखा माणूस असला तरी.

शनिवार विसरू नकोस. 'हो' लिहिलंस की दोन ओळी टाक. 'नको' लिहिलंस तरी टाक, मी शिव्या घालायला मोकळी.

तुझी,
माणिकआत्या


अकोला,
ता. ४ नोव्हेंबर १९६१, शनिवार

चि. कमलाकांत,

आशीर्वाद आहेतच, ते पत्रागणिक मोजून द्यायचे नसतात. तुझं गुरुवारचं पत्र काल पोचलं. अक्षर अजून चांगलं आहे तुझं. मीच गिरवून घेतलं होतं.

तू लिहितोस की मी तुझी मुलगी फितवली. हो, फितवली. तिनं 'हो' लिहिलं, सही केली आणि कागद मोठ्या बाईंच्या हातात दिला. तिच्या पत्रात हे वाचलं तेव्हा मी एकटीच असून मोठ्यानं "शाब्बास!" म्हणाले. सहा रुपयांनी तुझं घर बुडत नाही. वकिली चांगली चालते तुझी.

तू लिहितोस, या भाऊबीजेला माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस, म्हातारपणी तुला कोण पाहतं ते बघतो. बघ. निवांत बघ. मी एक तारखेला शकुन माळणीच्या मळ्यात खोली घेतली. भाडं बारा रुपये, आत नळ नाही पण विहीर दहा पावलांवर आहे, आणि खिडकीबाहेर निंबूची झाडं आहेत. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, पण दार आत्तापासून माझं आहे. सामान बैलगाडीतून आणलं. काल दुपारी तीन वाजता तिथे बसून दुसरा चहा प्याले. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात तुझ्या कॅम्पातल्या नव्या घरी आले होते तेव्हा मला कोठीची खोली दिली होतीस, ज्वारीच्या पोत्यांशेजारची. साखर रेशनची होती, मान्य. पण मोजमाप माझ्याच कपाला का होतं रे? तेव्हा मी विचारलं नाही. त्या घराच्या भिंतीत माझे एक हजार बासष्ट रुपये आहेत, हेही बोलले नाही. पंधरा वर्षं गप्प बसले. आज मात्र बोलणार आहे, आणि तू पूर्ण वाचणार आहेस.

शेहेचाळीस सालची भाऊबीज आठवते? अंबापेठेतलं भाड्याचं घर. मी विधवा होऊन एकवीस वर्षं झाली होती. त्या एकवीस वर्षांत तबक हातात घेतलं नव्हतं. भाऊबीजेला मी स्वयंपाकघरात कणीक मळायची आणि तुला चुलतबहीण ओवाळायची. त्या दिवशी तू स्वतः पाट मांडलास. सगळ्यांसमोर म्हणालास, "माणिकताई, हे खुळचट नियम मी मानत नाही. मला तूच ओवाळायचं." मला रडू आवरेना. तुझ्या कपाळाला कुंकू लावलं. एकवीस वर्षांनी माझ्या बोटाला कुंकू लागलं, कमलाकांत.

आणि तू तबकात रुपया टाकलास, आणि रुपयाखाली घडी केलेला कागद ठेवलास. "फंडाचा आहे, नुसती सही हवी, तुझंच काम आहे," म्हणालास. टाकही तूच पुढे केलास. मी कागदाची पूर्ण घडीसुद्धा उघडली नाही, सहीपुरतं खालचं टोक वर केलं. त्या घटकेला तू माझ्या फाशीचा कागद ठेवला असतास तरी सही केली असती. कुंकू कागदाला लागू नये म्हणून बोट जपून धरलं होतं, तेवढं पक्कं आठवतं. खाली लिहिलं होतं, "वाचून, समजून, स्वखुशीने." महिन्यानं शाळेतल्या कारकुनानं सांगितलं की बाई, तुमचा फंड तुम्ही पूर्ण उचललात. मी त्याला म्हटलं, हो, उचलला. काय सांगणार होते?

हे मी इतक्या वर्षांत एकट्या शकुनला सांगितलं, तेही परवा, सामान लावताना. तिला वाटलं मी थट्टा करते. म्हणाली, "तुमी मास्तरीनबाई, शिकलेल्या-सवरलेल्या, आन् न वाचता सई केली? मले अक्षर येत नाही, पन मी अंगठा द्याच्या आंधी कागद दोन माणसाइकून वाचून घेतो." मान खाली घालून ऐकून घेतलं. पण तिला कुणी अंगठ्याच्या आधी पाटावर बसून ओवाळून घेतलं नसेल.

पैसे मागत नाही. घर झालं, मुलं त्यात वाढली, माझं देणं फिटलं असं समज. मला एकच गोष्ट पाहिजे. सत्तेचाळीसच्या भाऊबीजेला मी लवकर येऊन, न्हाऊन, तबक घासून बसले. तू म्हणालास, "जाऊ दे ताई, लोक बोलतात." पुन्हा कधी पाट मांडला नाहीस. तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या उरात आहे. ती ओवाळणी बहिणीसाठी होती, की कागदासाठी? फंड मी दुसऱ्यांदा जमवला. हे उत्तर मला जमवता येत नाही, ते तुझ्याकडेच आहे.

तुझ्या दारात मी येत नाही. माझ्या दारात तू ये. शुक्रवारी भाऊबीज आहे. बडनेऱ्याहून दुपारची गाडी पकड, स्टेशनवर शकुनचा मळा म्हटलं की कोणीही टांगेवाला आणून सोडेल. कुंदाला आण, तिला ही खोली बघायची आहे. मी पाट मांडते, रांगोळी काढते आणि तबक घेऊन उभी राहते. माळणी आणि शेजारणी बघायला जमतील, जमू देत. लोक बोलतील, बोलू देत. एकदा तू म्हणालास म्हणून ओवाळलं, या वेळी मी म्हणते म्हणून ओवाळीन. ओवाळणी म्हणून शकुनच्या झाडाचं एक निंबू टाकलंस तरी चालेल. मात्र खिशात कागद आणू नकोस.

आला नाहीस तर उत्तर कळलं असं धरीन, आणि मग चहा मी एकटीच पिईन. पिणार मात्र नक्की.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, स्वखुशीने सही केली असे.

माणिक