तीन टाके उभे, एक आडवा

मंगळवार, ९ नोव्हेंबर
सकाळी साडेदहा

चि. ठोंब्यास,
आजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण अजून सोडून गेलेले नाहीत. तुझ्या आईचा खोकला बसला. समोरच्या शिंप्याने दाढी ठेवली आहे, आणि ती त्याला अजिबात शोभत नाही हे मी त्याला सोडून सगळ्यांना सांगितलं आहे.

अक्षर तुला ओळखीचं वाटणार नाही. एरवी माझी पत्रं तुझी आई लिहिते, पण ती माझं अर्धं गाळते आणि तिचं अर्धं घालते. 'वेळेवर जेवत जा' असं मी जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून आज काठी टेकत तीन गल्ल्या ओलांडल्या, बावीस पायऱ्या चढले आणि एका बाईंकडे येऊन बसले. पोस्टाच्या खिडकीवर त्यांनी तीस वर्षं काढली. अक्षर छापल्यासारखं आहे म्हणतात. मला काय, मुंग्यांची रांगच दिसते. मी म्हटलं, ''सांगेन तसं लिहायचं, सुधारायचं नाही.'' त्या म्हणाल्या, ''काकू, मी तारा घ्यायचे. लोक खिडकीशी रडत सांगायचे आणि मी शब्द मोजायचे. तुम्ही बोला.'' बाई तिखट आहे. मला आवडली.

तर, तुझा सिनेमा.

तू फोनवर दोनदा विचारलंस, ''आजी, कसा वाटला?'' आणि मी दोन्ही वेळा ''छान'' म्हणून फोन तुझ्या आईकडे दिला. घरच्यांना आधी दाखवलास त्या दिवशी दिवे लागायच्या आत उठून बाहेर गेले, तेव्हाही गुडघ्यांचं नाव सांगितलं. बिचारे उगाच बदनाम झाले.

आधी सोप्या चुका सांगते. तुझी ती नटी इस्त्री धरते जशी काही हातातली पर्स. भरल्या निखाऱ्यांची इस्त्री मनगटाने चालत नाही, खांद्याने चालते. लोकरीच्या कोटावर ओलं फडकं न घालता तिने ती फिरवली! आमच्या लाँड्रीत कुणी असं केलं असतं, तर कोटाची पाठ आरशासारखी चकाकली असती आणि तिची पाठ आमच्या मुकादमणीने चकाकवली असती. शिवाय मी इतकी देखणी कधीच नव्हते. ही तक्रार नाही.

पण कोट खरा होता. तू माझ्या ट्रंकेतून नेलास तोच. पडद्यावर त्याची कॉलर उलटली आणि आत लाल दोऱ्याची खूण भिंतीएवढी मोठी होऊन माझ्यासमोर आली. तीन टाके उभे, एक आडवा. साठ वर्षांपूर्वीचे माझेच टाके. एक जरासा वाकडा आहे, तोही दिसला.

तुला खुणांचं माहीत आहे, तरी सांगते, कारण लिहिणाऱ्या बाईंना माहीत नाही. छावणीच्या लाँड्रीत बाकीच्या बायका कपड्यांवर शाईने नंबर टाकायच्या. मला आकडेही येत नव्हते. म्हणून मी दोऱ्याने खुणा करायचे, प्रत्येक अधिकाऱ्याची वेगळी. डॉक्टरांची फुली, तोफखान्याच्या मेजरांचे दोन ठिपके. तीन उभे एक आडवा ही त्या शीळ घालणाऱ्या कॅप्टनची. तो जिन्याखालूनच शीळ घालत यायचा, आणि आम्ही बायका पदर, केस, तोंड, जे सावरण्यासारखं असेल ते सावरायचो.

खिशात काही सापडलं तर ते दारापाशी पत्र्याच्या डब्यात टाकायचं, असा नियम होता. कॅप्टनने मला एकदा हळूच सांगितलं, ''माझ्या कोटात कागद निघाला तर डब्यात नको. इस्त्री झाली की फुलीवाल्या कोटात ठेव. नाहीतर ठिपकेवाल्या. मी सांगेन त्या.'' चार महिने मी ते केलं. सहा अधिकाऱ्यांचं टपाल माझ्या टेबलावरून फिरत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. इथवर तुझा सिनेमा अगदी खरा आहे.

पुढचं तुझ्या सिनेमात असं आहे. आपल्याच सेनापतीला पुलावर अडवून ताब्यात घ्यायचं, म्हणजे नदीपलीकडची गावं जाळायचा हुकूम निघणारच नाही, असं ते सहा जण ठरवतात. शेवटचा कागद लाँड्रीत येतो. झडती येते. ती देखणी मी कागद इस्त्रीच्या निखाऱ्यांत टाकते आणि शांतपणे इस्त्री करत राहते. पण मेसचा आचारी तोंड उघडतो, आणि सहाच्या सहा जण पकडले जातात.

ठोंब्या, मी कागद जाळला नव्हता.

तू आठ वर्षांचा होतास. गोवर आला होता, औषध घेत नव्हतास. एकेका चमच्याला एकेक गोष्ट मागत होतास. फार पूर्वी लोकांनी विचारलं तेव्हा मारलेली तीच थाप मी एका चमच्यासाठी तुला सांगितली. तू पुन्हा मागितलीस, मी पुन्हा सांगितली. पुढे तू शाळेत सांगितलीस, मग वर्तमानपत्रातला माणूस आला, त्याच्यासमोर मान हलवणं एवढंच माझं काम उरलं. तू सहा वर्षं त्या सिनेमात घातलीस, तरी मी मान हलवत राहिले. आता येत्या शुक्रवारी तो गावोगाव लागणार आणि मला स्टेजवर बसवून शाल घालणार. मला त्या शालीची इतकी लाज वाटते की गेले आठ दिवस अंगावर साधं पांघरूणही धड घेववत नाही.

बाई विचारतायत, ''पाणी हवंय का काकू?'' नको. थांबले तर उठून जाईन.

खरं काय झालं ते सांगते. कॅप्टन एक दिवस डॉक्टरांबरोबर लाँड्रीच्या मागच्या सज्जात उभा होता. वाफेमुळे मी आत आहे हे त्यांना दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, ''त्या पोरीवर एवढा भरवसा?'' तर हा हसून म्हणतो, ''अहो, म्हणून तर! तिला कागद काय आणि हातरुमाल काय, सारखंच.''

खोटं नव्हतं ते. पण मला वाटलं होतं, मी धीट आहे म्हणून त्याने मला निवडलं. मी आंधळी आहे म्हणून निवडलं होतं. एकोणीस वर्षांच्या पोरीला ते किती झोंबावं? इतकं झोंबलं की दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्याच्या कोटातला कागद निघाला तेव्हा मी तो ठिपकेवाल्या कोटात ठेवायच्या आधी लाँड्रीच्या कारकुनाकडे नेला. मला वाटायचं, बरा पोरगा आहे. माझ्यासाठी कोळसे फुलवून द्यायचा, माझ्याकडे बघताना चष्मा पुसायचा. मी म्हटलं, ''एवढं वाचून दाखव की.'' त्याने वाचलं. मी म्हटलं, ''पुन्हा.'' त्याने पुन्हा वाचलं. मी पाठ केलं. चारच ओळी होत्या. शुक्रवार, पहाट, लाकडी पूल, सहा जण.

आता तू विचारशील, पाठ कशाला? कॅप्टनला म्हणून दाखवायला! बघा म्हणावं, कोण आंधळं ते.

गुरुवारी सकाळी तो कोट न्यायला आला. मी इस्त्री खाली ठेवली आणि चारही ओळी धडाधड म्हणून दाखवल्या. त्याची शीळ थांबली. चेहरा धुतलेल्या चादरीसारखा झाला. त्याने माझा दंड धरला आणि विचारलं, ''कुणी वाचून दाखवलं?''

हीच ती जागा. मी साठ वर्षं इथे येते आणि परत फिरते.

त्या क्षणी मी नुसतं 'कारकुनाने' म्हटलं असतं, तर त्यांच्या हातात अख्खा दिवस होता. पळता आलं असतं, कागद मागे घेता आला असता. पण तो 'कुणी' म्हणाला. मला स्वतःला वाचता येईल असं त्याच्या मनातही आलं नाही. मी मान ताठ करून म्हटलं, ''कुणी नाही. मी शिकले अक्षरं.''

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हसला, रे. आनंदाने हसला. ''शाब्बास,'' म्हणाला. ''कुणाला बोलू नकोस. सगळं निभावलं की तुला पुस्तक आणून देतो.'' आणि घाईत कोट तसाच टेबलावर ठेवून शीळ घालत जिना उतरला.

संध्याकाळी सहाही जण पकडले. शनिवारी गोळ्या घातल्या. गावंही जळली. तीन दिवस त्या धुराची काजळी वाळत घातलेल्या चादरींवर बसत होती, आणि आम्ही त्या पुन्हा पुन्हा धुतल्या.

कारकुनाला महिन्याभरात हेडक्लार्क केलं आणि दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. त्या क्वार्टरमध्ये तुझा बाप जन्मला. हो, तेच. तुझे आजोबा. तुझ्या सिनेमात तो कोळसे फुलवणारा भला पोरगा किती गोड दाखवला आहेस! सात महिन्यांनी मी त्यांच्याशी लग्न केलं. का केलं, विचारू नकोस. मला त्यांची भीती होती, त्यांना माझी. एकमेकांवर नजर ठेवायला लग्नाएवढी सोय दुसरी नाही. संसार वाईट झाला नाही, हीसुद्धा लाजच आहे. एकदाच, शेवटच्या आजारात, ते म्हणाले, ''तू विचारलं नसतंस तर मी वाचलं नसतं.'' मी म्हटलं, ''तुम्ही वाचलंत, तेवढ्यावर थांबला असतात तर?'' मग मी त्यांची उशी सारखी केली.

लोक मला विचारतात, म्हातारपणी वर्ग निघाले, फुकट शिकवतात, तू का गेली नाहीस? मी थट्टेवारी नेते. म्हणते, अक्षरांना माझं तोंड आवडत नाही. खरं कारण हे आहे. अक्षरं येतात असं मी एकदाच म्हटलं आणि त्यात सहा माणसं गेली. पुढे ते खरं करून दाखवायला हात उचलला गेला नाही.

आता आचारी. त्याचं काय चुकलं? तो त्या सहा जणांना बंद दाराआड जेवण नेऊन द्यायचा, एवढंच. सेनापती गेला, राज्य बदललं, आणि लोकांना सांगायला एक चुगलखोर हवा होता. कारकुनावर कुणाचा संशय गेला नाही, कारण कारकुनाच्या हातात कागद गेलाच नव्हता, तो तर मी जाळला होता ना! आचाऱ्याला नंतर कुणी कामावर ठेवलं नाही. लोक म्हणायचे, याच्या हातचं कसं खायचं? शेवटी एका दवाखान्यात भांडी घासायचा. मी बाजारात त्याला पाहिलं की फूटपाथ बदलायचे. लोकांना वाटायचं, मला त्याचा राग आहे. तो मात्र मला पाहून टोपी काढायचा. त्याच्या लेखी मी शूर बाई होते.

त्याला एक मुलगी होती. तेव्हा सहा वर्षांची. शाळेत तिच्या शेजारी कुणी बसत नसे. ती शिकली, पोस्टात लागली, खिडकीमागे बसली. तीस वर्षं लोक तिच्यासमोर रांगेत उभे राहिले, कारण तिकिटं दुसरीकडे मिळत नव्हती.

पेन थांबलं आहे.

...

बाई आत गेल्या होत्या. बराच वेळ नळ चालू होता. मी उठले नाही. उठून जायची मला सवय आहे, म्हणूनच उठले नाही. त्या बाहेर आल्या, चष्मा पुसून पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, ''पुढे सांगा.'' काकू म्हणाल्या नाहीत. बरोबर आहे.

त्या असंही म्हणाल्या, ''पोस्टर आमच्याच भिंतीवर लावलंय. वडिलांचं काम करणारा नट चांगला आहे. हुबेहूब टोपी काढतो.'' हेही लिहा म्हटलं मी.

ठोंब्या, मला तुझ्याकडून काय हवं ते नीट ऐक. शुक्रवारच्या आत सिनेमातून आचाऱ्याचा तो प्रसंग काढ. कसा काढायचा ते तुझं तू बघ, तुला कात्री चालवता येते. त्या जागी हे पत्र घाल, किंवा काही घालू नकोस, काळा पडदा ठेव. लोक विचारतील, मग कुणी सांगितलं? तर सांग, माझ्या आजोबांनी. आणि त्यांना कुणी नेऊन दिलं? माझ्या आजीने. तुझं नाव खाली येईल, मला कळतं. तू माझ्यावर चिडशील, तेही कळतं. तुझे वितरक की कोण ते बोंबलतील. बोंबलू देत. स्टेजवर मी येईन, पण शालीसाठी नाही. मला माईक कसा धरायचा तेवढं दाखव.

आणि तो कोट म्युझियममध्ये देऊ नकोस. कॅप्टनचं कुणी मागे असेल तर शोध. 'जपून ठेवला' असं मात्र म्हणू नकोस त्यांना. 'परत द्यायचा राहिला' म्हण.

आता शेवटचं. ही बाई काय लिहिते आहे ते मला दिसतं, पण कळत नाही. मी बोलले ते तिने लिहिलं असेल, किंवा मला सोळा शिव्या घातल्या असतील. मी वाचून दाखव म्हणणार नाही. वाचून दाखव, असं मी आयुष्यात एकदाच म्हटलं.

खाली अंगठा लावत नाही. दोरा आणला आहे. सहा जणांना खुणा दिल्या, स्वतःला कधी दिली नव्हती. हा एकच टाका आहे, वाकडा आहे, कापू नकोस.

तुला तोंड दाखवायला लाजणारी,
तुझी इस्त्रीवाली आजी

(सांगितलं तसं लिहिलं आहे. काही गाळलेलं नाही, काही घातलेलं नाही. वाचून दाखवू का, असं मी स्वतःहून विचारलं. त्या नको म्हणाल्या. मी तरीही सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. त्या बसून ऐकत होत्या. — आचाऱ्याची मुलगी)