पूजेतली ब्रँच

प्रिय नाना,

उद्या खंडेनवमी. पोरं मघाशी पूजेसाठी हत्यारं मागायला आली होती. मी त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. विचार करून सांगतो, म्हटलं. पाठ फिरवून गेली सगळी. म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला विचारल्याशिवाय मी या फायर स्टेशनात कधी काही ठरवलं होतं काय?

तुम्ही गेल्याला उद्या तिथीनं वर्ष होईल. आता लढाई होणार असं सगळेच बोलून राहिले. आपला लष्करी मालाचा कारखाना तिन्ही पाळ्या चालतो. ते जळालेलं पेट्यांचं शेड पुन्हा बांधलं, आणि लाकडाच्या पेट्या पार छतापर्यंत रचून ठेवल्या आहेत. शेजारी रंगाचे पिंप! मी रोज जाऊन ओरडतो की बाबांनो, वाट तरी मोकळी ठेवा. स्टोअरवाले मलाच विचारतात, माल काय तुमच्या डोक्यावर ठेवायचा? तुम्ही असता तर त्यांच्याच डोक्यावर ठेवला असता. मला ते जमत नाही.

पोरांचं म्हणणं ऐका. दर वर्षी आपण नवमीला दोन ब्रँच पूजेत ठेवायचो आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असा नेम होता. बाकीच्या ब्रँच बंबाच्या गाडीवर असायच्या. पाण्याच्या होजच्या तोंडाची ती पितळी नळी, तिला तुम्ही बायकोपेक्षा जास्त जपता असं वहिनी म्हणायच्या, आठवतं ना? गेल्या वर्षी नेमक्या गाडीवरच्या ब्रँच दुरुस्तीला गेलेल्या, आणि शेडला आग लागल्याची वर्दी आली. तुम्ही हात जोडले, पूजेतली उचलली आणि धावलात. ती उचलली म्हणून देवी कोपली आणि नानांना घेऊन गेली, असं आपल्यातल्याच तिवारीनं सगळ्यांच्या डोक्यात भरवलं आहे. आता प्रायश्चित्त म्हणून यंदा सगळ्याच्या सगळ्या ब्रँच, होज, कुऱ्हाडी, सगळं पूजेत मांडायचं आणि दसरा होईस्तोवर कोणी शिवायचं नाही म्हणतात. मग गाडीवर राहील काय? घंटा?

नाना, देवी कोपली नव्हती. तुमच्याइतकं हे कोणाला कळणार!

रोज सकाळी तुम्ही आम्हाला ओळीत उभं करून होजला ब्रँच अडकवायचं एकेक कपलिंग जोडायला लावायचे. डोळे मिटून ऐका म्हणायचे. पूर्ण बसलं की खट् असा आवाज येतो, अर्धवट बसलं की येत नाही. एकदा माझा आवाज आला नाही तर तुम्ही मला उन्हात तासभर तेच करायला लावलं. मी मनात किती शिव्या घातल्या असतील! आणि संध्याकाळी कमानिया गेटहून जिलबी आणून मलाच पहिली दिलीत. नागपूरच्या कोर्साला मला तुम्हीच ढकललं. इंग्रजी येत नाही म्हटलं तर म्हणालात, आगीला तरी कुठं येते?

मग त्या दिवशी काहून नाही ऐकला तो आवाज?

मी पंपावर होतो. तुम्ही शेडच्या आत गेलात आणि ओरडलात, "मधुकर, पाणी वाढव!" मी वाढवलं. होज ताठ झाला, आणि दुसऱ्याच क्षणी दारातून नुसतं पाणी जमिनीवर लोळत बाहेर आलं. ब्रँच कपलिंगमधून सुटली होती. तुम्ही आत, हातात रिकामी नळी. आम्ही दुसरा होज ओढून दारापर्यंत पोचलो तेव्हा छत खाली येत होतं. तिवारी आत घुसत होता, मी त्याला कमरेला धरून मागे खेचला. त्याबद्दल त्यानं मला अजून माफ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते कपलिंग उघडून पाहिलं. खटक्याच्या खाचेत अक्षता होत्या, नाना. कुंकवात भिजलेल्या, वाळून घट्ट चिकटलेल्या. म्हणून खटका अर्धाच बसला. पूजा तुम्ही सांगितली, अक्षता तुम्हीच वाहिल्या. वॉशरवर धुळीचा कण दिसला तरी आमची सालं काढणारा माणूस तुम्ही! देवापुढे बसलात की तुमचं सगळं शिकलेलं कुठं जायचं हो?

मी पोरांना तेव्हाच सांगितलं. तिवारीनं एवढंच म्हटलं, "मरे हुए आदमी की बुराई मत करो, भैया." तेव्हापासून ते मला सलाम ठोकतात, पण माझ्या ताटाशेजारी कोणी जेवायला बसत नाही. तुमचा फोटो त्यांनी देवीच्या बाजूला लावला आहे. रोज हार, रोज उदबत्ती. आणि सकाळी कपलिंग जोडताना एकाचंही लक्ष आवाजाकडे नसतं. उद्या आत जायची वेळ आली तर यातले किती जण माझ्यामागे होज धरतील, मला सांगता येत नाही. खरं सांगतो, भीती वाटते.

म्हणून आज दुपारी कांचघरला तुमच्या घरी गेलो. वहिनींना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या जिवाला आणखी काहून घोर लावायचा, असं वाटायचं. घरात घट बसवलेले नव्हते. देव्हारा कोरडा ठणठणीत. मी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. त्यांनी विचारलं, "माझ्या वाटीतल्या अक्षता?"

पूजेची वाटी दर वर्षी तुमच्याच घरून यायची, हे मी विसरूनच गेलो होतो! मी मान खाली घातली. वाटलं, आता या बाईला आपण जन्माचं दुःख दिलं.

त्या रडल्या. पदर तोंडाला लावून खूप रडल्या. मग म्हणाल्या, "वर्षभर मी देवीपुढे दिवा लावला नाही, मधुभाऊ. माझा माणूस तिनं नेला म्हणून तिच्याशी बोलली नाही. ही चूक होती, कोप नव्हता, हे तुम्ही मला आधी काहून नाही सांगितलं?"

उठल्या, तोंड धुतलं, आणि देव्हाऱ्यातली समई घासायला घेतली. मी निघालो तर पाठीमागून म्हणाल्या, "उद्या मी येते स्टेशनात. अक्षता माझ्या होत्या, हे मी सांगीन. त्या त्यांच्याच हातानं वाहिल्या, हे तुम्ही सांगा."

तेव्हा नाना, ठरलं. उद्या देवीला गाडीपाशी आणणार. कुंकू बंपरला लावणार, हार घंटेला घालणार. ब्रँच जागच्या जागी राहील आणि कपलिंगच्या जवळ अक्षतेचा दाणा फिरकणार नाही. आरतीच्या आधी एकेकाला डोळे मिटून जोडायला लावीन. तिवारी ऐकेल का? ठाऊक नाही. नाही ऐकलं तर पुन्हा सांगीन, त्याच्या ताटाशेजारी जाऊन बसीन.

आणि वहिनींसमोर, सगळ्यांसमोर सांगीन की चूक आमच्या नानांची होती. रागवायचं तर रागवा. तुमचा फोटो देवीजवळून काढून कपलिंग ठेवतो त्या फळीवर लावणार आहे, बिनहाराचा. देव करून ठेवलं तर पोरं नुसती पाया पडतील, नाना. मला ती शिकायला हवी आहेत.

तुमचा,
मधुकर